मावशीला ‘पुरे’ ऐकू येत नसे

माझं पोट सरकारी नोकरीत सुटलं, असं आमच्या घरी सगळे धरून चालतात. साफ चूक. ते सुटलं लातूरला, अन्सामावशीच्या खानावळीत, आणि तेही ऐन दुष्काळात. सगळा जिल्हा वाळत चालला होता आणि मी एकटा बाळसं धरत होतो. सुटीत देगलूरला गेलो की आई मला दिवसा ओट्यावर बसू देत नसे. म्हणायची, लोकांच्या घरात दाणा नाही आणि तू असा गुबगुबीत, बरं दिसत नाही.

जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. कचेरीला जागा पुरत नव्हती, माणसं जास्त आणि खुर्च्या कमी, म्हणून जो लवकर यायचा तो बसायचा आणि उरलेले जनतेची सेवा उभ्यानं करायचे. मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो आणि खोली शोधत हिंडू लागलो. घरमालक आधी नाव विचारायचे, मग आडनाव. आम्ही बौद्ध. आडनावापर्यंत आलं की ती खोली नेमकी मालकाच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. त्या गावात इतके भाचे कुठून आले होते कुणास ठाऊक. असाच एकदा रागानं आणि भुकेनं लाल होऊन मी गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतल्या एका खानावळीत शिरलो. चुलीपुढे एक ठेंगणी, रुंद बाई भाकरी थापत बसली होती.

‘‘कुठला?’’ तिनं मान वर न करता विचारलं.

‘‘देगलूरचा.’’

‘‘तिखट चालतंय का?’’

‘‘चालतं.’’

‘‘मग बस की. उभा कामून?’’

झाली चौकशी. त्या दिवसापासून माझं नाव ‘देगलूर’ पडलं. मावशी कुणालाच नावानं हाक मारत नसे. जो ज्या गावचा, ते त्याचं नाव. ‘‘ए निलंगा, पाणी दे. औसा, सरकून बस. उदगीरला आमटी वाढा.’’ बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत जिल्हा नियोजनाची बैठक चाललीय.

पण तिची खरी ख्याती आग्रहाची. आता आग्रह आपल्याकडे कोण करत नाही? पण बाकीचे लोक दोनदा ‘घ्या हो’ म्हणतात आणि तुम्ही ‘नको’ म्हणालात की मनात हुश्श करतात. मावशीला ‘पुरे’ हा शब्दच ऐकू येत नसे. ‘‘डावा कान अधू हाय माझा,’’ म्हणायची, ‘‘आन् उजव्याला फुरसत न्हाई.’’ पानावर आडवा हात धरला तर ती त्या हाताच्या पाठीवर भाकरी ठेवायची. पान घेऊन उठायला लागलं तर घरची खुशाली विचारायची. आईची तब्येत सांगायला माणूस क्षणभर थांबला की पळीभर येसर आमटी आत. तिच्याकडे जेवायला माणूस आपल्या पायानं यायचा, पण उठायचा तिच्या मर्जीनं.

एकदा टंचाईच्या कामावर नेमलेले एक साहेब आले. पुण्याकडचे, मोजकं जेवणारे. त्यांनी फार सभ्यपणे ‘‘बास हं’’ म्हटलं. मावशीला तो आवाज इतका नाजूक वाटला की तिनं तो होकार धरला. धपाटे झाले, शेंगदाण्याची चटणी झाली, वर दही झालं. दुपारी चाऱ्याच्या छावण्यांवर बैठक होती. साहेब अध्यक्षस्थानी बसले आणि तिथल्या तिथे झोपी गेले. समोर सगळे तहसीलदार दुष्काळाची दारुण परिस्थिती सांगताहेत आणि साहेब तृप्तपणे घोरताहेत. मावशीला हे सांगितलं तर ती हळहळली. ‘‘कमीच जेवला असंल. भुकेनं ग्लानी येती माणसाला.’’

तिचे यजमान म्हणजे काका. उंच, वाळके आणि मुके म्हणावेत इतके कमी बोलणारे. सायकलला घागरी बांधून टँकरच्या मागं हिंडणं हे त्यांचं काम. मूलबाळ नव्हतं. मावशी दिवसभर त्यांच्याशी बोलायची आणि काका दिवसातून एकदा ‘‘बरं’’ म्हणायचे. तेवढ्यावर त्यांचा संसार फार सुखाचा चालला होता.

आणि मग भाकऱ्या बिघडायला लागल्या.

मावशीची भाकरी परकार लावून काढल्यासारखी असायची. ती हळूहळू एका बाजूनं चेपायला लागली, मग कडा फाटायला लागल्या. निलंगा एक दिवस भाकरी उजेडात धरून म्हणाला, ‘‘मावशी, ही भाकरी हाय का नकाशा?’’

‘‘नवा जिल्हा हाय,’’ मावशी म्हणाली. ‘‘हद्दी पक्क्या व्हायला टाइम लागून राहिलाय.’’

आम्ही हसलो आणि जेवलो. तिच्या उजव्या अंगठ्याजवळचा मांसल भाग बसून तिथे खळगा पडलाय हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पळी हातातून सुटायला लागली. दंडावरची कातडी आतल्या आत फडफडायची. मावशी पदर सारून आम्हाला ती गंमत दाखवायची. ‘‘बघ रे औसा, मासोळ्या नाचून राहिल्या. गावच्या तळ्यात एक न्हाई, आन् माझ्या दंडात बघ किती.’’

गल्लीत निदानाला तोटा नव्हता. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं नस दबली, कुणी म्हणालं नजर लागली. इतक्यांना खाऊ घातल्यावर एखाद्याची लागणारच. तेलं झाली, लाल इंजेक्शनं झाली. मग बोलणं जड झालं. शब्द लोळत यायचे, आणि समोरच्या म्हातारीनं अन्साबाई संध्याकाळी थोडी घेते अशी खबर उठवली. मावशीला तिचा राग आला नाही. उलट, तेवढी घ्यायला परवडतेय असं लोकांना वाटतं याचं तिला बरंच वाटलं.

शेवटी काकांनी तिला हैदराबादला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. मला तेलुगू येतं म्हणून मी दुभाषा. तिथे डॉक्टर निघाला उर्दू बोलणारा. मावशीचं बालपण निजामाच्या अमलातलं, तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी रजा घेऊन गेलो ते धपाट्यांचं गाठोडं सांभाळायला, एवढाच माझा उपयोग.

डॉक्टर भला माणूस. त्यानं हातोडीनं गुडघे ठोकले, जीभ बाहेर काढायला लावून बराच वेळ बघितली, हाताला सुया टोचून यंत्रावरच्या रेघा बघितल्या. मग खुर्ची पुढे ओढून तो काकांशी नाही, तिच्याशी बोलला. ‘‘अम्मा, दिमाग बराबर है. आँखाँ बराबर हैं. हात लगाए तो मालूम होता. मगर हुकुम ले जानेवाली नसाँ सूख रहीं.’’ दवा नाही, हेही त्यानं सरळ सांगितलं. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, गिळणं जाईल, श्वास थकेल. पुढे गिळता येईना झालं तर नाकातून नळी घालता येते, हवी असली तर.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग मला खूण केली, मी गाठोडं सोडलं, आणि तिनं डॉक्टरला विचारलं, ‘‘खाना खाए क्या तुमी?’’ त्या बिचाऱ्याला काय माहीत. तो ‘‘नहीं अम्मा, बस’’ म्हणाला. बाहेर पेशंटची रांग लागलेली आणि आत डॉक्टर धपाटे खातोय. चटणी तिखट लागून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान चटणीनंच आलं असं आम्ही तेव्हा धरलं.

कागदावर त्यानं ‘मोटर न्यूरॉन’ असं काहीतरी लिहिलं होतं. आता त्याला ए.एल.एस. म्हणतात. पूर्ण नाव अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस. आमच्या कचेरीतली पदनामंही इतकी लांब नव्हती. परत आल्यावर खानावळीतल्या सगळ्यांना मी ते आपल्या भाषेत समजावलं. ‘‘असं बघा. साहेब केबिनमध्ये ठणठणीत आहे. सही करतो, आदेश काढतो. पण आदेश पोचवणारे शिपाई एकेक करून कामावर येईनासे झालेत. ज्या टेबलाला आदेश पोचत नाही ते टेबल बसून बसून वाळतं.’’

मावशी नीट ऐकत होती. ‘‘म्हंजी सायेब जागाच हाय?’’

‘‘जागाच.’’

‘‘आन् त्याला समदं कळून राहिलंय?’’

‘‘सगळं.’’

‘‘मग लई वाईट हाय की बिचाऱ्याचं,’’ ती म्हणाली, आणि निलंग्याच्या पानात भाकरी वाढायला काकांना डोळ्यांनी सांगितलं.

कारण तोवर तवा काकांकडे आला होता. काकांची भाकरी चौकोनी व्हायची. का ते त्यांनाही कळत नसे. मावशी खुर्चीत, मानेमागं टॉवेलची गुंडाळी, आणि तिथून हुकूम. हातापायांनी ऐकणं सोडलं तरी काका ऐकत होते. पाठीला खाज सुटली की तिला कळायचं, खाजवता यायचं नाही. डास चावला की कळायचा, मारता यायचा नाही. ‘‘त्या मुडद्यांनाबी कळलंय,’’ ती लोळत्या जिभेनं म्हणायची, ‘‘हितं फुकट जेवान हाय.’’ मग आम्ही जेवताना आळीपाळीनं तिचे डास मारायचो. मोठ्या निष्ठेनं मारायचो. उदगीरनं एकदा इतक्या भक्तीनं मारला की तिचा गाल लाल झाला.

या आजाराचं एक चमत्कारिक अंग आम्हाला ठाऊक नव्हतं, ते समोरच्या म्हातारीचा नवरा वारला तेव्हा कळलं. काका मावशीला खुर्चीसकट दुखवट्याला घेऊन गेले. म्हातारीनं गळा काढला आणि मावशी हसायला लागली. साधं नाही; खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. थांबवायला गेली की जास्त. सगळ्या बाया बघत राहिल्या. काकांनी खुर्ची उचलून अक्षरशः पळ काढला. गल्लीत निकाल लागला की अन्साबाईचं डोकं फिरलं. मी डॉक्टरला पत्र टाकलं. उत्तर आलं, हे नसांचं हसणं आहे, मनाचं नाही, असं होतं. मी ते म्हातारीला वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, ‘‘खरं सांगू का? आमचा म्हातारा आयुष्यभर असला छळवादी, की मलाबी आतनं हसूच येत हुतं. तिला वरनं आलं.’’ आणि त्या दिवसापासून ती रोज दुपारी मावशीची वेणी घालायला येऊ लागली.

पुढे गिळणं अवघड झालं. गंमत अशी की घट्ट पेज सावकाश उतरायची आणि पाणी मात्र चुकीच्या वाटेनं जाऊन ठसका लागायचा. ‘‘जिल्ह्याला पाणी मिळंना,’’ मावशी म्हणाली, ‘‘आन् मला मिळून राहिलंय तर उतरंना.’’ मला आठवतं तसं हे तिचं शेवटचं लांबलचक वाक्य. ते पुरं व्हायला इतका वेळ लागला की तेवढ्यात आमचं जेवण झालं.

आता आमच्यात गाढवपणाला तोटा नव्हता. जिनं आम्हाला इतकं चारलं तिला आपण चारायचं नाही म्हणजे काय, असं प्रत्येकाला वाटायचं. येईल तो काहीतरी घेऊन. एकदा औसा आपल्या लग्नाचा बुंदीचा लाडू घेऊन आला. ‘‘मावशी, एक घास. माझ्या गळ्याची शपथ.’’ शपथ त्याच्या गळ्याची आणि लाडू अडकला तिच्या घशात. ती निळी पडली. काकांनी तिला पुढे वाकवलं, पाठीत थापा मारल्या, तोंडात बोट घालून बुंदी काढली. श्वास परत येईपर्यंत आमच्यापैकी कुणी हललं नाही. औसा भिंतीला टेकून रडत होता. मग काकांनी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण केलं. ‘‘ह्या घरात हितून पुढं कुणी कुणाला आग्रह करायचा न्हाई.’’

झालं. खानावळीतला आग्रह बंद झाला आणि आम्ही सगळे महिन्याभरात रोडावलो.

बोलणं पूर्ण गेल्यावर डोळे उरले. मावशीला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे पाटीवर अक्षरं दाखवण्याचा उपयोग नव्हता. आम्ही ठरवलं, नजर वर गेली की ‘हाव’, डोळे मिटले की ‘न्हाई’. आणि आम्ही सगळे कारकून, मग काय विचारता. तिनं चुलीकडे बघून डोळे मोठे केले की चौकशी सुरू. दुखतंय का? न्हाई. तहान? न्हाई. माणसाबद्दल आहे का? न्हाई. वस्तू? हाव. घरातली? हाव. अशी रीतसर चौकशी करत करत, वरण बुडाला लागतंय, हा निष्कर्ष काढेपर्यंत वरण खरोखर लागलेलं असायचं. वास आम्हालाही येत होता. पण चौकशी पूर्ण व्हायची होती.

या सगळ्यात तिची ‘हाव’ सगळ्यांना कळायची. ‘न्हाई’ मात्र कुणी घेत नसे. आणि सर्वांत वाईट होते खुद्द काका. आग्रहबंदीचा कायदा त्यांनी केला आणि मोडलाही त्यांनीच. पेज भरवताना तिनं डोळे मिटले की म्हणायचे, ‘‘डुलकी लागली तिला.’’ मग चमचा हातात धरून तसेच बसायचे. डोळे उघडले की चमचा पुढे. ती परत मिटायची. ‘‘झोपाळू झालीया,’’ काका मला सांगायचे, आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासाठी पोटात तुटायचं, दोन्ही एकदमच. तिला भरवायचं थांबलो तर ती जाईल एवढंच त्या माणसाला कळत होतं.

मग पेजही उतरेना झाली. शिरूर अनंतपाळहून तिचा थोरला भाऊ जीप घेऊन आला. मोठा शेतकरी, मोठा आवाज. हैदराबादला न्यायचं, नाकातून नळी घालायची, ठरलं. बहिणीवर त्याचा जीव होता, खोटं कशाला बोलू. आणि नळी वाईट असंही माझं म्हणणं नाही. पुढे नांदेडला माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी ती आपणहून घालून घेतली आणि नातवंडांशी डोळ्यांनी भांडत चांगले दिवस काढले. ज्याचं त्यानं ठरवावं. पण इथे जीप दारात उभी होती, चादरी भरल्या गेल्या होत्या, आणि खुर्चीतल्या बाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

‘‘झोपलीय,’’ भाऊ म्हणाला. ‘‘बरंच हाय. अशीच उचला.’’

‘‘ती झोपलेली नाही,’’ मी म्हणालो. भावानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. कोण हा, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. मी काकांकडे वळलो. ‘‘काका, तुम्हाला माहीत आहे ती झोपलेली नाही. विचारा तिला.’’

काका तिच्यासमोर खाली बसले, इतके खाली की तिला मान न हलवता त्यांचा चेहरा दिसावा. ‘‘अनुसे,’’ ते म्हणाले. लग्नानंतर त्यांनी तिला चारचौघांत नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. ‘‘नळी घालायची का?’’

तिनं डोळे उघडून त्यांना पाहिलं, आणि मिटले.

‘‘नको म्हणतीस?’’

नजर वर गेली.

‘‘नळी न्हाई तर पोटात काय जाणार? तू जाशील की गं.’’

नजर परत वर गेली. हाव.

काकांनी पुन्हा विचारलं. उलटं विचारलं, सुलटं विचारलं, शिरूरच्या शेताची, तिच्या मेलेल्या आईची आण घालून विचारलं. तिच्या खानावळीत इतकी वर्षं काढलेला माणूस, आग्रह कसा करायचा ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तिनं प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. भाऊ तोंड फिरवून दाराशी जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. अखेर काका म्हणाले, ‘‘बरं.’’

जीप रिकामी गेली.

माझी बदली नांदेडला झाली ती त्याच आठवड्यात. मी गेल्यावर थोड्याच दिवसांत मावशी गेली, झोपेत, काका शेजारी असताना. मला कळलं ते उशिरा, औशाच्या पत्रातून. पण मला ती शेवटची बघायला मिळाली ती निघायच्या सकाळी.

हातात ट्रंक होती. दार उघडंच होतं, मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. काका तिला पेज भरवत होते. चमच्याच्या टोकावर येईल एवढीच. ओठांशी नेत, थांबत, तिच्या डोळ्यांकडे बघत. असं दोन-तीनदा झालं आणि तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आता हे चमचा धरून बसणार. काकांनी चमचा वाटीत ठेवला, टॉवेलच्या टोकानं तिचे ओठ पुसले आणि म्हणाले, ‘‘झालं? बरं.’’

मग तिथेच, तिच्या पायाशी बसून, उरलेली पेज ते त्याच चमच्यानं खाऊ लागले. मावशीनं डोळे उघडले आणि त्यांना जेवताना बघत राहिली. वाटी संपली. तिची नजर चुलीवरच्या पातेल्याकडे गेली आणि काकांवर येऊन थांबली. काकांनी ‘नको’ म्हणून मान हलवली. नजर पुन्हा पातेल्याकडे गेली, पुन्हा काकांवर आली, आणि तिथून हलेचना. काका निमूट उठले आणि वाटी भरून घेतली.